चूल बसवली, पुढे तिला सांभाळायचे कोणी?

सुधारित चुलीचा प्रश्न आपल्याकडे १९४०च्या दशकापासून चर्चेत आहे आणि दर पिढीत तो नव्याने मांडला जातो. सरपण कमी लागावे, धूर घराबाहेर जावा, बाईच्या डोळ्यांची आणि छातीची आबाळ थांबावी, हे उद्दिष्ट प्रत्येक वेळी तेच राहिले. चुलीचे आराखडे मात्र बदलत गेले: मातीचे, सिमेंटचे, पत्र्याचे, पंख्याचे. एवढे प्रयोग होऊनही ग्रामीण भारतातल्या सुधारित चुलींची लाखो धुराडी काजळीने बुजून निकामी झाली आणि स्वयंपाक पुन्हा जुन्या चुलीवर आला. याचा दोष कधी आराखड्याला, कधी अनुदानाला, तर कधी बायकांच्या सवयींना दिला जातो. उपलब्ध पुरावा एकत्र ठेवून पाहिला की मला कारण वेगळे दिसते. लाकडाची चूल ही घराघरात पोचवून मोकळे होण्याची वस्तू आहे, असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात ती बांधणारा, वापरणारी आणि दुरुस्त करणारा या तिघांवर उभी असलेली व्यवस्था आहे. यातला तिसरा माणूस आपल्या योजनांमध्ये कधी नव्हताच.

कल्पकतेची कमतरता आपल्याकडे कधी नव्हती, हे आधी नोंदवायला हवे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग चळवळीतून १९४०च्या दशकात मगन चूल पुढे आली. धुराडे असलेली, एका जाळावर एकाहून अधिक भांडी तापवणारी ही मातीची चूल होती. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केले आणि १९५३मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९८०च्या सुमारास चंदीगडजवळच्या नाडा या हरियाणातल्या गावात मधू सरीन यांनी तिथल्या बायकांसोबत बसून चूल घडवली. त्याच काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘अस्त्र ओले’ तयार झाली. यांतला नाडा चुलीचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तिथे आराखडा कागदावर पक्का करून गावात आणला गेला नव्हता. ज्या घरात चूल बसायची त्या घरातली भांडी, कुटुंबाची संख्या आणि जागा पाहून ती बांधली जाई आणि गावातल्याच बायका ते काम शिकत. नंतर हाच नमुना मोठ्या प्रमाणावर उचलला गेला तेव्हा चुलीचा आकार पुढे गेला, पण तो ठरवण्याची रीत मागे राहिली.

चूल का धुरते हे समजले तर देखभालीला एवढे महत्त्व का, तेही कळते. लाकूड तापले की आधी त्यातले पाणी निघून जाते, मग त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या वायूंच्या रूपात बाहेर पडतो आणि उरतो तो कोळसा. आपल्याला दिसणारी ज्योत या वायूंची असते. ते जळायला पुरेशी उष्णता आणि हवा दोन्ही लागतात. जळण ओले असेल, ओंडका जाड असेल, चूल लाकडांनी गच्च भरलेली असेल किंवा थंडगार भांडे ज्योतीवर फार खाली बसले असेल, तर हे वायू अर्धवट जळतात. ते अर्धवट जळणे म्हणजेच धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, तर नीट वाळलेल्या सरपणात ते पंधरा-वीस टक्क्यांवर येते. म्हणून सर्वांत उत्तम चूलही ओल्या लाकडावर धुरकट चालते. जुन्या चुलीची कार्यक्षमता साधारण दहा टक्के धरली जाते, म्हणजे लाकडातल्या दहा भाग उष्णतेतला एकच भाग अन्नात जातो. उरलेली उष्णता चुलीच्या जाड भिंती, भांड्याभोवतीची मोकळी जागा आणि धूर वाटून घेतात. जाळ उचलून धरणारी लोखंडी जाळी, खालून येणारी हवा, भांड्याला बिलगून जाणारी ज्योत आणि उष्णता धरून ठेवणारे अस्तर, एवढ्यांनी त्या दहाचे पंचवीस टक्के करता येतात. त्याच्या बरेच पुढे जायचे तर सहसा पंखा लागतो.

आता बसवण्याचा भाग पाहू. दोन भांड्यांच्या धुराड्याच्या चुलीत चूल आणि वैल (दुसऱ्या भांड्याचे तोंड) यांच्यामधला बोगदा, वैलाखालचा आडवा उंचवटा आणि भिंतीलगतचे धुराडे असा ज्योतीचा मार्ग असतो. बोगदा अरुंद झाला तर धूर तोंडातून उलटा येतो. तो रुंद झाला तर ज्योत भांड्याला न शिवता धुराड्यात पळते आणि सरपण पूर्वीपेक्षाही जास्त लागते. हा फरक एखाद-दोन बोटांचा असतो. चुलीचे तोंड घरातल्या रोजच्या पातेल्याच्या मापाचे हवे, नाहीतर भांड्याच्या कडेने धूर निसटतो. धुराडे छपराच्या वर पुरेसे उंच हवे आणि त्यावर टोपी हवी, नाहीतर वारा धूर परत घरात ढकलतो आणि पाऊस चुलीत उतरतो. गवताच्या किंवा झावळ्यांच्या छपरातून तापलेली नळी काढणे म्हणजे आगीला वाट देणे. तिथे नळी भिंतीतून बाहेर काढून मग वर न्यावी लागते. कोकणात कौलांमधून नळी काढली की ती फट नीट बुजवावी लागते, कारण पहिल्याच मृगात तिथून गळती लागली तर घरमालक चूल नव्हे, नळीच काढून टाकतो. हे सगळे निर्णय त्या घरात उभे राहूनच घ्यावे लागतात. म्हणून गवंडी किंवा कुंभार किती शिकलेला आहे, यावर निम्मी चूल ठरते.

उरलेली निम्मी ठरते वापरावर. धुराड्याच्या चुलीचा पहिला नियम असा की दोन्ही तोंडांवर भांडी असलीच पाहिजेत. वैल उघडा राहिला की धुराड्याची ओढ तुटते आणि धूर खोलीत पसरतो. स्वयंपाक एकाच भांड्याचा असेल तर वैलावर पाण्याचे पातेले ठेवावे. गरम पाणी वेगळे सरपण न लावता मिळते. लाकूड फोडून बारीक करावे आणि जसजसे जळेल तसतसे आत सारावे. रोज राख काढावी, कारण जाळीखाली राख साचली की हवा अडते आणि जाळ धुमसतो. महिन्या-दीड महिन्याने दोरीला चिंधी बांधून धुराडे वरून खाली साफ करावे आणि बोगद्यातली काजळी सफाईच्या तोंडातून काढावी. चिरा पडल्या की माती, शेण आणि भुसा यांच्या लेपाने लगेच बुजवाव्यात, कारण चिरेतून हवा शिरली की ओढ मंदावते. पावसाळ्याच्या तोंडी टोपी आणि छपराचा जोड तपासावा. यातले एकही काम अवघड नाही, पण कोणी तरी ते नेमाने करावे लागते. जुन्या चुलीला पोतेऱ्यापलीकडे काही लागत नव्हते. नवी चूल घरात आली की हे सारे जास्तीचे काम त्याच बाईच्या अंगावर पडते आणि छपरावर चढून धुराडे झाडायचे तर तिला घरातल्या पुरुषाची वाट पाहावी लागते. इंधनाच्या बचतीचे गणित मांडताना हे श्रम कोणी मोजले नाहीत.

आता सरकारी प्रयत्नांकडे वळू. १९८३च्या अखेरीस सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम २००२मध्ये केंद्राने बंद केला. त्या काळात देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. कार्यक्रमाचे मोजमाप बसवलेल्या चुलींच्या संख्येवर होते. चूल उभी राहिली, नोंद झाली, अनुदान सुटले. वर्षभराने ती पेटते की नाही, हे पाहण्याने कोणाचे उत्पन्न वाढत नव्हते आणि न पाहण्याने कोणाचे अडत नव्हते. असा व्यवहार असेल तर कारागीर उद्दिष्टाच्या घाईत बोगद्याची मापे चुकवणार, हे त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल काही न बोलताही सांगता येते. महाराष्ट्राचा अनुभव याला थोडी वेगळी जोड देतो. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या आरती संस्थेने, म्हणजे अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, राज्यात या कार्यक्रमाची तांत्रिक बाजू सांभाळली. ‘लक्ष्मी’सारखी चूल साच्यातून घडवता येऊ लागली, म्हणजे मापांची चूक हाताच्या अंदाजावर राहिली नाही. कुंभार आणि बचत गटांतल्या बायका यांना हा उद्योग म्हणून शिकवण्यावर भर दिला गेला. अनुदान थांबल्यावरही चुली विकत देण्याची वाट संस्थेने शोधली. विकत घेतलेली चूल बिघडली तर गिऱ्हाईक विकणाऱ्याला जाब विचारते. फुकट मिळालेल्या चुलीबद्दल तो हक्क कोणी बजावत नाही.

चीनशी तुलना केली की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. चीनचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या आरंभी, आपल्यासोबतच सुरू झाला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे बारा कोटींहून अधिक चुली बसल्या. तिथे चुलीचा बहुतेक खर्च कुटुंबाने केला. सरकारचा पैसा प्रशिक्षण, देखरेख आणि ग्रामीण ऊर्जा कार्यालये यांवर गेला. कार्यक्रम सगळ्या देशात एकदम न पसरवता निवडक तालुकापातळीच्या परगण्यांशी करार करून राबवला गेला. जाळी, झडप यांसारखे नाजूक भाग कारखान्यात बनत आणि बाकी चूल जागेवर बांधली जाई. चीनचे सगळेच गोड होते असे नाही. जिथे लोक कोळसा जाळत राहिले तिथे घरातली हवा पुरेशी सुधारली नाही आणि तिथली प्रशासनव्यवस्था आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. तरीही पैसा वस्तूवर घालायचा की तिच्यामागच्या माणसांवर, या प्रश्नाचे उत्तर त्या तुलनेत मिळते.

दोन क्षेत्रीय अभ्यास शेजारी ठेवले तर देखभालीचे वजन थेट दिसते. ओडिशात ग्रामविकास या संस्थेने बसवलेल्या धुराड्याच्या मातीच्या चुलींचा रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर घटला. पुढे तो फायदा विरून गेला, आरोग्यात टिकाऊ फरक दिसला नाही आणि इंधनही वाचले नाही. कारण कुटुंबे चूल नियमित वापरत नव्हती आणि तिची निगा राखत नव्हती. याउलट ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या अभ्यासात धुराड्याच्या विटांच्या चुली दिल्या गेल्या आणि संशोधक चमूची माणसे घरांना नियमित भेटी देत राहिली. तिथे मुलांच्या श्वासातला धूर सुमारे निम्म्याने कमी झाला आणि तो फरक टिकला. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण न्यूमोनियातली घट संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही, पण गंभीर न्यूमोनिया लक्षणीय कमी झाला. दोन देश, दोन चुली आणि दोन समाज यांची तुलना सरळ करता येत नाही, हे मान्य. तरी धुराडे हेच जर दोन्हीकडचे मुख्य साधन होते, तर एकीकडे फायदा का टिकला आणि दुसरीकडे का विरला याचे सर्वांत पटणारे उत्तर त्या नियमित भेटींमध्ये आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप सरळ आहे: आता गॅस आला, चुलीची चर्चा कशाला? आक्षेप वजनदार आहे. मे २०१६मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक घरांत गॅसजोडणी पोचवली आणि बायकांच्या आयुष्यात एवढा मोठा बदल कुठल्याही सुधारित चुलीने घडवलेला नाही. जिथे गॅस परवडतो आणि वेळेवर मिळतो तिथे चुलीचा आग्रह धरणे अन्याय होईल. पण जोडणी आणि वापर या दोन गोष्टी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के होती आणि ग्रामीण भागात ४३.२ टक्के. उज्ज्वलाच्या लाभार्थी घरी २०१९-२०मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरले गेले आणि २०२३-२४मध्ये चारच्या आसपास. सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर साधारण दुप्पट लागतील. म्हणजे चहा आणि भाजी गॅसवर, पण भाकरी, डाळ, जनावरांचे आंबोण आणि अंघोळीचे पाणी लाकडावर, असा विभागलेला संसार चालू आहे. महाराष्ट्रात तर गॅस असलेल्या घरांच्या मागच्या अंगणातही बंब धगधगतो. हे उरलेले सरपण मोजायचेच नाही असे ठरवले, तर ते जाळणाऱ्या बाईलाही आपण मोजणीतून वगळतो.

दुसरा आक्षेप आरोग्याच्या अभ्यासांचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. मलावीत पंख्याच्या आधुनिक चुली देऊनही मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही, असे २०१७च्या अभ्यासात दिसले. मग चुली सुधारण्याचा खटाटोप व्यर्थ नाही का? इथे धूर आणि आजार यांचे नाते समजून घ्यावे लागते. ते सरळ रेषेत चालत नाही. धूर फार असताना तो निम्मा केला तरी आजार थोडाच घटतो. मोठा लाभ अगदी खालच्या पातळीवर पोचल्यावर मिळतो. संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसोबत १९८१मध्ये गुजरातच्या चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांजवळची हवा मोजली, तेव्हा घनमीटरला सुमारे सात मिलिग्रॅम कण सापडले. एवढ्या उंचावरून खाली यायचे तर ‘थोडी बरी’ चूल पुरत नाही. त्यातच ती चूल जुन्या चुलीच्या जोडीला वापरली जाते आणि शेजारघराचा, जळत्या कचऱ्याचा धूर असतोच. या अभ्यासांतून मला निघणारा निष्कर्ष असा: सुधारित चुलीला आरोग्याचा रामबाण उपाय म्हणून विकू नये. नीट वापरलेल्या आणि निगा राखलेल्या चुलीचे खात्रीचे लाभ म्हणजे वाचलेले सरपण, वाचलेली पायपीट, कमी चुरचुरणारे डोळे आणि कमी भाजणे. हे लाभ स्वतःच्या बळावर पुरेसे आहेत. भारतीय मानक ब्युरोने २०१३च्या मानकात उचलून नेता येणाऱ्या चुलींसाठी साध्या ओढीवर किमान २५ टक्के आणि पंख्यावर ३५ टक्के कार्यक्षमता मागितली आहे. ही कसोटी प्रयोगशाळेतल्या नव्या चुलीची आहे. दोन वर्षे वापरलेल्या चुलीची मोजणी सक्तीची झाली तरच त्या आकड्यांना गावात अर्थ येईल.

तिसरा आक्षेप वापरणाऱ्यांकडून येतो आणि तज्ज्ञ त्याला अनेकदा अडाणीपणा समजतात. धुराने छपराचे वासे किडत नाहीत, आढ्याला टांगलेले बियाण्याचे कणीस टिकते, डास पळतात, पावसाळ्यात माळ्यावरचे सरपण वाळते. भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांपुढे उभी करून शेकायची, तर चुलीचे तोंड रुंद आणि निखारे पुढे ओढता येतील असे हवे. हे खरे उपयोग आहेत आणि त्यांना खरीच उत्तरे द्यावी लागतात. ज्या चुलीत लाकूड फक्त एका अरुंद भोकातून जाते, ती प्रयोगशाळेत पहिली येईल आणि भाकरीच्या मुलखात नापास होईल. बियाण्याला हवाबंद कणगी आणि सरपणाला धुराड्यालगतचे कोरडे फडताळ, ही चुलीबरोबरच बांधायची कामे आहेत. धुराचे फायदे मान्य करूनही एक गोष्ट उरते: वासे टिकावेत म्हणून माणसाची फुप्फुसे खर्ची घालण्याचा सौदा ज्या बाईच्या फुप्फुसांचा आहे तिला विचारून कधीच झालेला नव्हता. चूल निवडताना, तिचे तोंड मापताना आणि तिच्यासाठी घरातला पैसा काढताना तिचा शब्द अखेरचा असावा, हे आग्रहाने म्हणावे लागते.

या साऱ्यातून धोरणाला काय घेता येईल? चुलीचा निधी तीन भागांत सुटावा: बांधणीला एक, सहा महिन्यांनी चालू चूल पाहून दुसरा आणि दोन वर्षांनी तिसरा. मधल्या काळातल्या सफाई-दुरुस्तीची मजुरी गावातल्याच शिकलेल्या बाईला किंवा कुंभाराला त्यातून मिळावी. हातपंपाला मेकॅनिक असतो तसा गावाला चुलीचा कारागीर असावा, त्याच्याजवळ जाळी, टोपी आणि नळीचे तुकडे कायम असावेत. घरटी एक ठरावीक चूल देण्याऐवजी बंब, भाकरीची चूल आणि मोठ्या भांड्याची चूल यांतून कुटुंबाने निवड करावी आणि किमतीतला काही वाटा उचलावा. सर्वांत गरीब घरांसाठी तो वाटा श्रमाच्या रूपात घेता येईल. गॅसचे भरणे परवडावे यासाठीची मदतही सोबत चालू राहावी, कारण दोन्हींचा हेतू एकच आहे. यात नवे संशोधन फारसे लागत नाही. लागते ती अंदाजपत्रकात ‘देखभाल’ नावाची एक ओळ आणि त्या ओळीवरचा पैसा दुसरीकडे न वळवण्याचा निर्धार. साडेतीन कोटी चुलींच्या अनुभवानंतरही आपण ती ओळ लिहिली नाही, तर पुढची योजना कितीही चांगल्या आराखड्याची असली तरी तिचा शेवट आजच सांगता येतो.